1992 ची मिआटा: सहा इंची डिफरन्शियल ठेवावं की बदलावं?

वळणवाट

नमस्कार मंडळी,

इथे गाड्यांमधले जाणकार बरेच आहेत म्हणून हा धागा काढतोय. माझ्याकडे 1992 ची माझदा मिआटा आहे. 1.6 लिटर इंजिन, पाच गिअर, आणि कारखान्यातूनच व्हिस्कस लिमिटेड स्लिप डिफ आलेलं (डिफ म्हणजे डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा डबा; लिमिटेड स्लिप म्हणजे एकच चाक घसरत राहू न देणारं). मी कोलंबस, ओहायोला असतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं तेव्हा गाडी गॅरेजमधून हलत नाही. उन्हाळ्यात रोजची फिरते, शिवाय अधूनमधून ऑटोक्रॉसला जाते. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून वेळ लावून गाडी चालवायची, तो प्रकार.

गेले काही महिने ताशी 50-55 मैलांच्या आसपास मागून घुमल्यासारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर हलका दाबून वेग कायम ठेवला की वाढतो, पाय उचलला की जवळजवळ गप्प होतो. चौथ्यात असो की पाचव्यात, वेग तोच असेल तर सूर तोच.

1990 ते 93 च्या गाड्यांचं सहा इंची डिफ (इंच म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा व्यास) नाजूक, ते मोडतंच, हे मिआटावाल्यांच्या बोलण्यात सतत येतं. 94 पासून 1.8 इंजिनाबरोबर सात इंची आलं आणि त्यात टॉर्सनचा, म्हणजे गिअरवर चालणाऱ्या लिमिटेड स्लिपचा पर्याय होता. मी तीन वाटा बघतोय: आहे ते उघडून बेअरिंगं बदलायची, सात इंची टॉर्सन बसवायचं, किंवा काहीच न करता चालवत राहायचं. इथल्या एका गॅरेजने पहिल्या कामाचा जो आकडा सांगितला, त्यात वापरलेला अख्खा सात इंची सेट येऊ शकतो.

आणखी दोन गोष्टी. पुढेमागे छोटा टर्बो बसवायची इच्छा आहे, यंदा नाही. आणि मुलगी सोळा वर्षांची झाली आहे, ती क्लच याच गाडीवर शिकते आहे.

टेक्सन_मराठी

हात लावू नका. साध्या इंजिनावर सहा इंची डिफ आयुष्यभर टिकलेल्या कितीतरी गाड्या आहेत. मोडलेल्यांच्या गोष्टी ऐकाल तर जवळपास प्रत्येकीत टर्बो, सुपरचार्जर किंवा चिकट टायर निघेल. तेल बदला आणि चालवा.

सांगलीकर

वळणवाट, बदलायचं की नाही ते नंतर. आवाज कोणाचा आहे ते आधी ठरवा.

आमच्या घरात ट्रकच्या कामाचं गॅरेज होतं, त्यामुळे लहानपणापासून क्राउन-पिनियनचे (डिफमधलं मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) आवाज कानावर आहेत. गाडी कोणतीही असो, भाषा एकच असते. दाताला दोन बाजू असतात: इंजिन गाडीला ओढतं तेव्हा एक बाजू भार घेते, पाय उचलला की दुसरी. तुमचा आवाज ओढताना येतो आणि सोडल्यावर जातो, म्हणजे संशय दातांच्या ओढणाऱ्या बाजूवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. चाकाचं बेअरिंग असं वागत नाही. त्याला तुमचा पाय कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, ते वळणाला बोलतं. मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात गाडी हलकेच डावीकडे घ्या, मग उजवीकडे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग तपासा. काहीच फरक पडला नाही तर डिफकडे वळा.

मग गाडी चारी बाजूंनी स्टँडवर घ्या. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफला फिरवणारा दांडा) हाताने उलटसुलट फिरवून प्ले, म्हणजे ढिलाई, किती आहे ते बघा. त्यात क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्याचा) प्ले किती आणि क्राउन-पिनियनचा किती, हे वेगळं करता आलं पाहिजे. एक हात क्रॉसच्या अलीकडे, एक पलीकडे ठेवला की लगेच कळतं. तुमच्या शाफ्टचे क्रॉस आत ठोकून बसवलेले असतात, ट्रकसारखी सर्क्लिप काढून नवीन घालायची सोय नसते, त्यामुळे ते गेले की बहुतेक वेळा शाफ्टच बदलावा लागतो. हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

शेवटी तेल काढा. आधी वरचा भरायचा प्लग सैल होतोय याची खात्री करा, मगच खालचा उघडा. वरचा प्लग गंजून बसला असेल आणि खालून तेल काढून टाकलं असेल, तर रिकामं डिफ घेऊन बसावं लागतं. खालच्या प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय त्याचा जवळून फोटो इथे टाका. पिठासारखा राखाडी लगदा हवाच, ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारं काही निघालं तर पुढे बोलू.

लेकशोर

सांगलीकरांना अनुमोदन. मी मिशिगनमध्ये ड्राइव्हट्रेनच्याच कामात आहे, तर सहा आणि सात इंचांमध्ये नेमकं काय बदलतं ते आकड्यांत मांडतो. 'नाजूक' या शब्दावरून निर्णय घेणं मला पटत नाही.

तुमचं इंजिन जास्तीत जास्त साधारण 136 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिला गिअर 3.136, डिफचं गुणोत्तर 4.3. गुणाकार केला तर क्राउनवर सुमारे 1,830 न्यूटन-मीटर. सहा इंची क्राउनची त्रिज्या ढोबळ 75 मिलिमीटर धरली, तर दातांवर सुमारे अडीच टनांचा दाब येतो. सात इंची, 4.1 चं डिफ घेतलं तर तोच हिशेब दोन टनांवर येतो. म्हणजे भार पाचव्या हिश्श्याने घटतो, आणि त्यावर दात स्वतःच रुंद आणि जाड, एक्सलही जाड.

हे सगळं शांतपणे टॉर्क लावला तर. क्लच एकदम सोडला की इंजिन आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर एका झटक्यात दातांवर येतो, आणि तो झटका वरच्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. टायर घसरला तर दात वाचतो, टायर चिकटून राहिला तर सगळं दाताला सोसावं लागतं. म्हणून टेक्सन म्हणतात ते बरोबर आहे: साधं इंजिन आणि साधे टायर असतील तर हे डिफ पुरतं. ते ज्या गाडीसाठी बनवलं ती जेमतेम टनाची होती आणि 116 अश्वशक्तीची.

पण वळणवाट, तुमच्या प्रश्नात ऑटोक्रॉस आहे, पुढे टर्बो आहे, आणि क्लच शिकणारी मुलगी आहे. शिकताना क्लच झटक्याने सुटणारच. तिन्ही गोष्टी त्याच दातांकडे जातात.

अनघा_ह

मला यातलं फार कळत नाही, पण हा धागा आवडीने वाचतेय. एक विचारू? डिफ मोडलं तर नेमकं काय होतं? गाडी फक्त थांबते, की धोका असतो? मुलगी एकटी हायवेवर असताना झालं तर, म्हणून विचारते. आणि 4.1, 4.3 म्हणजे काय?

लेकशोर

अनघाताई, चांगला प्रश्न. बहुतेक वेळा मोठा आवाज होतो आणि मागच्या चाकांना ओढ मिळणं बंद होतं. इंजिन फिरतं, गाडी पुढे जात नाही. कडेला घेता येते. पण तुटलेला दात क्राउन आणि पिनियनच्या मध्ये अडकला तर मागची चाकं जाम होऊ शकतात, आणि ते हायवेच्या वेगात झालं तर गाडी फिरते. हे रोज घडत नाही, पण घडू शकतं. आवाज करणारं डिफ मुलीच्या हातात देऊ नका, इतकं मी नक्की सांगेन.

4.3 म्हणजे प्रोपेलर शाफ्ट 4.3 वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. आकडा मोठा असेल तर गाडी लवकर उचलते पण हायवेवर इंजिन जास्त फिरतं. वळणवाटांच्या गाडीत पाचव्या गिअरला इंजिन 3,500 वर असेल, तर 4.1 च्या डिफने त्याच वेगाला ते साधारण 3,340 वर येईल. कानाला थोडा आराम, उचल किंचित कमी.

डर्बीकर

इंग्लंडमधून लिहितोय. माझी जपानहून आलेली युनोस रोडस्टर आहे, म्हणजे तुमच्याच गाडीची बहीण. माझ्याही गाडीत व्हिस्कस होतं, आता टॉर्सन आहे, म्हणून दोन्हींचा अनुभव सांगतो.

व्हिस्कसच्या आत भोकं पाडलेल्या चकत्या असतात, एक आड एक दोन बाजूंना जोडलेल्या, आणि मध्ये सिलिकॉनचं दाट द्रव. एक चाक दुसऱ्यापेक्षा जोरात फिरू लागलं की ते द्रव ताणलं जातं आणि चकत्यांना एकमेकींबरोबर ओढतं. आधी चाक घसरतं, मग डिफला जाग येते. तीस वर्षांत ते द्रव थकतं, आणि डबा बंद असल्यामुळे आत नवीन भरताही येत नाही. तपासायचं असेल तर मागची दोन्ही चाकं उचला, हँडब्रेक सोडा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरणार, ते ठीक. पण सावकाश फिरवताना आणि जोरात फिरवताना हाताला फरक जाणवला पाहिजे. जोरात फिरवायला जड जात असेल तर व्हिस्कसमध्ये जीव आहे. दोन्ही वेळा सारखंच हलकं लागलं, तर तुम्ही ओपन, म्हणजे लिमिटेड स्लिप नसलेलं, डिफच चालवताय.

टॉर्सनचं तंत्र वेगळं. सगळे गिअरच, द्रव नाही. व्हर्नन ग्लीसमन नावाच्या अमेरिकन माणसाला 1958 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. चाक घसरायची वाट न बघता, टॉर्क लागताच गिअर एकमेकांवर दाबले जातात आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त ओढ जाते. पावसात भिजलेल्या चौकातून वळून बाहेर पडताना पाय टाकला की फरक लगेच कळतो: व्हिस्कस क्षणभर विचार करायचं, टॉर्सन सरळ ओढतं. त्याची एक उणीव आहे. एक चाक पूर्ण हवेत गेलं की टॉर्सन दुसऱ्यालाही काही देत नाही, कारण शून्याची कितीही पट शून्यच. ऑटोक्रॉसला आतलं मागचं चाक उचललं जात असेल तर हे लक्षात असू द्या.

मात्र माझं एक वेगळं मत आहे. या गाड्या आता जुन्या गाड्या म्हणून जपल्या जाऊ लागल्यात. खुद्द माझदाने 2017 मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून द्यायची सेवा जाहीर केली. मूळ व्हिस्कस डिफ काढलंत तरी ते तेल लावून, गुंडाळून ठेवा. परत बसवता येईल असाच बदल करा.

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गाडी वर घेतली.

डावी-उजवीकडे घेऊन बघितलं, आवाजात फरक नाही. क्रॉस घट्ट आहेत. व्हिस्कस दोन्ही वेळा सारखंच हलकं लागलं, म्हणजे डर्बीकर म्हणाले तसं ते संपलेलंच आहे.

भरायचा प्लग आधी सोडवला. गंजलेला होता, उष्णता देऊन निघाला. तेल काळं आणि जळकट वासाचं. चुंबकावर राखाडी लगदा होताच, पण तो बोटाने पुसला तेव्हा खाली एक कपची निघाली. नखाच्या कडेएवढी, एका बाजूने आरशासारखी घासलेली आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत, दाणेदार, ताज्या तुटलेल्या लोखंडासारखी चमकणारी. फोटो टाकतोय.

सांगलीकर

फोटो मोठा करून बघितला. कपची दाताच्या कडेची आहे. घासलेली बाजू म्हणजे दात जिथे दाताला लागतो ती, आणि दाणेदार बाजू म्हणजे जिथून ती तुटली ती. बेअरिंगचा तुकडा असता तर गोलाई दिसली असती.

आता बेअरिंगं बदलायचा विचार सोडून द्या. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात, जोडीनेच बदलतात. म्हणजे नवीन जोडी, बेअरिंगं, सील, नवीन क्रश स्लीव्ह (आवळताना दबून पिनियनच्या बेअरिंगांचा ताण ठरवणारी नळी), आणि त्यावर शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून, निळा रंग लावून दातांचा ठसा बघत केलेली सेटिंग. ती सेटिंग येणारा माणूस मिळणं तुमच्याकडे सोपं नसेल. सांगलीत अजून मिळतो, पण तिथे मिआटा नाही. एवढा खर्च सहा इंची डिफमध्ये घालून हातात पुन्हा सहा इंचीच येणार, आणि आतलं व्हिस्कस थकलेलं ते थकलेलंच.

तोवर गाडी चालवू नका. तुटलेले कण त्या थोड्याशा तेलात फिरत राहतात आणि बेअरिंगांतून जातात.

टेक्सन_मराठी

कपची निघाली म्हटल्यावर माझं पहिलं मत मागे. पण एक स्वस्त वाट कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. ज्यांनी सात इंची बसवलं, त्यांच्याकडे चांगली सहा इंची डिफं पडून असतात आणि ती जवळजवळ फुकट मिळतात. शाफ्ट, एक्सल काही बदलायचं नाही, जशीच्या तशी बसतात. तेवढ्यात तुमचा उन्हाळा निभावेल.

लेकशोर

ती वाट वाईट नाही, आणि टर्बो नसता तर मीही तीच सुचवली असती. पण मेहनत बघा. एक्सल काढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, पीपीएफ (गिअरबॉक्सला डिफशी जोडणारी फ्रेम) सोडायचा, डिफ उतरवायचं. कोणतंही डिफ बसवलं तरी हे सगळं करायचंच आहे. ओहायोच्या गंजात ते एकदाच केलेलं बरं. दोन वर्षांनी टर्बो बसवताना तेच बोल्ट पुन्हा सोडवायचे, तोवर ते अजून गंजलेले असतील.

दुसरं असं की सात इंची सेट देणाऱ्या गाड्या 1994 ते 2005 च्या आहेत आणि त्याही संपत चालल्यात. टॉर्सन आज मिळतंय तर आज घ्या.

वळणवाट

मग सात इंचीच. आता प्रश्न असा की 4.1 घ्यावं की 4.3? दोन सेट समोर आलेत. एक 1995 च्या गाडीचा, 4.1, विकणारा टॉर्सन म्हणतोय पण खात्री देत नाही. दुसरा 1999 च्या पाच गिअरच्या गाडीचा, 4.3 टॉर्सन, थोडा महाग, पण एक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट त्याच गाडीचे.

डर्बीकर

दुसरा घ्या, डोळे झाकून. एक तर सगळं एका गाडीचं आहे. तुमचा जुना शाफ्ट आणि जुने एक्सल सात इंचीला चालत नाहीत, ते लागणारच. दुसरं, 4.3 म्हणजे स्पीडोमीटरची कटकट नाही. तुमच्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्याला मागे डिफ कोणतं आहे ते कळत नाही. 4.1 बसवलं तर काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी 63 ने जात असेल. गिअरबॉक्समधला छोटा प्लास्टिकचा गिअर बदलून ते जुळवता येतं, पण मुद्दाम कशाला? आणि 1.6 च्या हलक्या इंजिनाला 4.3 शोभतं. टर्बो आल्यावर वाटलं तर 4.1 बघा.

विकणारा टॉर्सन म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका. एक्सल काढलेल्या भोकात टॉर्च मारा. मध्ये आडवी पिन दिसली तर ते ओपन डिफ आहे.

सांगलीकर

टॉर्चबरोबर हातही वापरा. पिनियनचा फ्लँज वर-खाली, आत-बाहेर हलवून बघा. आत-बाहेर अजिबात हलता कामा नये. सावकाश फिरवा, कुठे खरखर किंवा अडकल्यासारखं लागतंय का बघा. एक्सलचे रबरी बूट फाटलेले असतील आणि ग्रीस कोरडं पडलं असेल तर किंमत पाडून घ्या. शाफ्टच्या क्रॉसला प्रत्येक दिशेला वाकवून बघा. मधल्या जागी अडून कट् आवाज करणारा क्रॉस हायवेवर थरथरणार. आणि शक्य असेल तर तिथेच तेल काढून बघा. विकणारा प्रामाणिक असेल तर नाही म्हणणार नाही.

वळणवाट

सेट आणला. भोकात पिन नव्हती, टॉर्सनच आहे. त्यांनी स्वतः तेल काढून दाखवलं, मधासारखं होतं, चुंबकावर फक्त लगदा. एका एक्सलचा बूट फाटला होता, तेवढे पैसे कमी केले.

काम दिवाळीच्या सुट्टीत करणार, मुलगीही हाताखाली आहे. एक्सलच्या नटांना आत्तापासून रोज तेल मारतोय. पीपीएफची जरा धास्ती आहे. गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारी ती लांब ॲल्युमिनियमची फ्रेम सोडताना काय काळजी घ्यायची?

लेकशोर

सर्वांत महत्त्वाचं: पीपीएफचे बोल्ट सोडायच्या आधी गिअरबॉक्सखाली जॅक लावा, मध्ये लाकडाची फळी. ती फ्रेमच गिअरबॉक्सचं मागचं टोक धरून ठेवते. तिथे दुसरा माउंट नाही. आधार नसताना सोडलीत तर गिअरबॉक्स खाली झुकतो आणि इंजिन मागे कलंडून वरच्या होसेसवर ताण येतो.

सोडण्याआधी गिअरबॉक्स आणि फ्रेम जिथे भेटतात तिथे रंगाने खुणा करा. डिफकडच्या बोल्टाबरोबर एक स्लीव्ह असते, ती गंजून आत धरून बसते. दोन दिवस आधीपासून भेदक तेल मारत राहा, हातोडीने फ्रेमला ठोकू नका, ॲल्युमिनियम आहे. परत बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावा, जॅकने गिअरबॉक्सची उंची मॅन्युअलमधल्या मापाला आणा आणि मगच आवळा. ती उंची चुकली तर शाफ्टचा कोन चुकतो, गाडी थरथरते, आणि माणूस उगाच नवीन डिफवर संशय घेतो.

सांगलीकर

मुलीच्या हातात टॉर्क रेंच द्या, ती आयुष्यभर विसरणार नाही.

एक्सलचे नट नवीनच लावा, जुने परत नकोत. आवळून झाले की त्यांची कड खाचेत ठोका. सहा इंचीत 0.65 लिटर तेल जायचं, सात इंचीत एक लिटर जातं, त्यामुळे एक बाटली आणून भागेल असं समजू नका, दोन आणा. जीएल-5 दर्जाचं 75डब्ल्यू-90 घ्या, आणि क्लच पॅकच्या डिफसाठी असलेलं घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह टॉर्सनमध्ये घालू नका. तेल भरताना गाडी आडव्या पातळीत हवी. पुढून उचललेली असेल तर भोकातून तेल बाहेर आलं तरी आत कमीच राहतं. पन्नासेक मैल सावकाश चालवून मग फ्लँजचे बोल्ट आणि पिनियनचं सील पुन्हा बघा. फाटलेला बूट मात्र एक्सल गाडीत चढवायच्या आधीच बदला, टेबलावर तासाभराचं काम आहे, गाडीखाली झोपून अर्धा दिवस जाईल.